वॉरंट निघालं तरी घाबरू नका

आमचं टेबल तहसील कचेरीबाहेर, लिंबाखाली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, बक्षीसपत्र, वारसनोंद, काय म्हणाल ते लिहून देतो. इतकी वर्षं इथे बसून एवढं कळलंय की माणसानं काय केलं याला फार किंमत नसते, कागद कसा केलाय याला असते. तेव्हा तुम्ही उद्या एखाद्या देशाचे सर्वेसर्वा होणार असाल आणि शेजारच्या दोन-चार शहरांची राखरांगोळी करायचं मनात घोळत असेल, तर रणगाडे काढण्याआधी जरा इथे टेका. चहा सांगतो.

हेगमध्ये एक आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे, हे तुमच्या कानावर असेलच. त्याचा मसुदा १९९८ च्या जुलैत रोममध्ये १२० विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला. २१ देश तटस्थ राहिले, त्यांत आपणही होतो. १ जुलै २००२ पासून दुकान सुरू आहे. नरसंहार, युद्धगुन्हे असली मोठी कामं तिथे चालतात आणि राष्ट्रप्रमुख आहे म्हणून कुणाला सूट नाही, असं त्यांच्या कागदात स्पष्ट लिहिलंय. वाचून छातीत धस्स होतं. पण पुढचं पान उलटा. या कोर्टाला बेलीफ नाही. हवालदार नाही, जीप नाही. वॉरंट त्यांनी काढायचं, बजावायचं सदस्य देशांनी. आमच्या गावात बेलीफ दिसला की माणूस मागच्या दारानं शेतात पसार होतो. तुम्हाला मागच्या दाराची गरजच नाही, पुढच्या दारानं मानवंदना घेत जाता येतं.

आता कागदाकडे वळू. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपले वाडवडील सांगून गेले. मोठ्या राष्ट्रांनी ते अक्षरशः पाळलं. चीननं सहीच केली नाही. अमेरिकेनं केली ती मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २००० ला, आणि ६ मे २००२ ला दोन-चार वाक्यांचं पत्र धाडून कळवलं की आम्ही काही सदस्य होणार नाही, त्या सहीनं आमच्यावर कसलंही बंधन येत नाही. रशियाचीही सही होती. २०१६ च्या नोव्हेंबरात कोर्टाच्या वकिलांनी अहवालात रशियानं युक्रेनकडून हिसकावलेल्या क्रिमियाला ‘व्याप्त’ म्हटलं आणि त्याच आठवड्यात रशियानं सही मागे घेतली. आमच्याकडे खरेदीखतावरचा अंगठा परत मागायला लोक येतात. आम्ही त्यांना हाकलतो. आमचंच चुकत होतं म्हणायचं. अंगठा पुसता येतो, फक्त अंगठ्यामागे अणुबॉम्ब लागतो.

सही पुसली तरी एक भोक राहतं. तुम्ही सदस्य नसलात, पण सदस्य देशाच्या जमिनीवर काही केलंत, तर कोर्टाचा हात तिथे पोहोचतो. त्यावर अमेरिकेनं २००२ च्या ऑगस्टमध्ये कायदाच केला: आपला माणूस या कोर्टानं डांबला तर त्याला सोडवायला राष्ट्राध्यक्षांनी लागतील ते सगळे उपाय करावेत. लोक त्याला ‘हेगवर स्वारीचा कायदा’ म्हणतात. नेदरलँड्स नाटोतला मित्रदेश आणि कोर्टाची कोठडी शेव्हनिंगेनला, समुद्राला लागून. म्हणजे जहाजं लावायला सोय आहे. शिवाय देशोदेशी करार करून घेतले की तुमच्याकडे आमचा माणूस सापडला तर हेगला द्यायचा नाही. २००२ च्या डिसेंबरात आपणही असा करार केला. आपण सदस्य नाही, ते सदस्य नाहीत. दोन ब्रह्मचाऱ्यांनी एकमेकांच्या बायकोला पोटगी लागू नये म्हणून स्टॅम्पपेपर करावा, तसा तो दस्त आहे.

पण खरी कारागिरी बघायची असेल तर सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १५९३ काढा. मी तो आमच्या नवशिक्या पोराला गिरवायला देणार आहे. ३१ मार्च २००५. सुदान सदस्य नव्हता, म्हणून तिथल्या दारफूर प्रांतातल्या हत्याकांडाचं प्रकरण परिषदेनं स्वतः हेगला पाठवलं. अमेरिका तटस्थ राहिली. ज्या कोर्टाचा उंबरठा आपण ओलांडणार नाही तिथे दुसऱ्याला पाठवायला हरकत नसते. त्याच ठरावातलं सहावं कलम वाचा: सुदानखेरीज जे देश सदस्य नाहीत, त्यांची माणसं परिषदेच्या किंवा आफ्रिकी संघाच्या मोहिमेत तिथे काही करून बसली तर तो ज्याचा त्याचा घरचा मामला. आणि सातवं कलम? तपासाचा खर्च संयुक्त राष्ट्रं देणार नाहीत. म्हणजे दुसऱ्याच्या पोराची तक्रार शाळेत करायची, आपल्या पोराचं नाव हजेरीपटातून काढून घ्यायचं आणि फीही भरायची नाही. वर नाव न्यायाचं.

एवढा सुबक दस्त जमत नसेल तर नकाराधिकारवाला एक मित्र बघून ठेवा. मे २०१४ मध्ये सीरियाचं प्रकरण हेगला पाठवायला परिषदेतले १५ पैकी १३ देश तयार होते. रशिया आणि चीननं हात वर केला. विषय संपला, तारीखसुद्धा पडली नाही.

प्रवासाचं म्हणाल तर दिशाशूल वगैरे पाहत बसू नका. सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल बशीर यांच्यावर २००९ पासून वॉरंट होतं. २०१५ च्या जूनमध्ये ते जोहान्सबर्गला परिषदेला गेले. प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयानं हुकूम दिला की यांना देशाबाहेर जाऊ देऊ नका. सुनावणी चालू असतानाच त्यांचं विमान लष्करी तळावरून उडालं. चार महिन्यांनी ते आपल्या दिल्लीला आले, आफ्रिकी देशांच्या शिखर परिषदेला. आपण सदस्य नाही, त्यामुळे आपल्याला काही करायचंच नव्हतं. पुतिनवरही वॉरंट, तरी ते सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाला गेले. मंगोलिया सदस्य, पण त्याचं इंधन रशियाचं. कडाक्याच्या थंडीत शेगडीवाल्याला कोण बेड्या घालणार? इस्रायलचे नेतन्याहू वॉरंट घेऊनच एप्रिल २०२५ मध्ये बुडापेस्टला उतरले, तेव्हा हंगेरीनं अटक तर सोडाच, आम्हीच या कोर्टातून बाहेर पडतो असं जाहीर केलं. पाहुण्याला पाटावर बसवायला घराची भिंत पाडावी, असं अगत्य मी तरी पाहिलं नाही. फ्रान्सनं भिंत पाडली नाही, फक्त एक नवा मुद्दा शोधला: इस्रायल सदस्य नाही, म्हणून त्याच्या पंतप्रधानांना संरक्षण आहे. रशियाही सदस्य नाही, हे पुतिनच्या वॉरंटच्या वेळी पॅरिसमध्ये कुणाला आठवलं नव्हतं.

इथे कुणीतरी रामशास्त्र्यांचं नाव काढणारच. बरं, काढा. शास्त्रीबुवांनी राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, हे आपण दुसरी-तिसरीपासून ऐकतो आणि गोष्ट तिथेच थांबवतो. पुढे काय झालं? शास्त्रीबुवा पुणं सोडून गावी गेले आणि दादासाहेब इंग्रजांकडे. १७७५ मध्ये सुरतेला करार झाला, दादांच्या दिमतीला इंग्रजी फौज आली. निकाल एकाच्या हातात, फौज दुसऱ्याच्या हातात. आम्ही मात्र अडीचशे वर्षं निकालाच्याच टाळ्या वाजवतोय.

कधीकधी तरीही न्यायाधीश ऐकत नाहीत. अफगाणिस्तानात तालिबानबरोबर अमेरिकी सैनिक आणि सीआयए यांचीही चौकशी करा, असं अपिलात २०२० च्या मार्चमध्ये ठरलं. जूनमध्ये अमेरिकेचा कोर्टाच्या माणसांवर निर्बंधांचा आदेश निघाला आणि सप्टेंबरात सरकारी वकील बाईंचं, फातू बेनसूदांचं, नाव त्या यादीत गेलं. २०२१ मध्ये नवे वकील आले, करीम खान. त्यांनी सांगितलं की साधनं अपुरी आहेत, आम्ही तालिबान आणि इसिसवर लक्ष देऊ, बाकीच्यांना तूर्त प्राधान्य नाही. बघा, खटला मागे घेतला नाही, कुणाला निर्दोष म्हटलं नाही. फाईल फक्त ढिगाच्या तळाशी सरकवली. ‘ध’चा ‘मा’ करायला निदान शाई लागली होती, इथे तीही वाचली. एवढं करून खान सुटले का? नेतन्याहूंचं वॉरंट निघालं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तेही यादीत. मग न्यायाधीशांची पाळी आली. त्यांतल्या काहींचा गुन्हा काय, तर २०२० चा तो अफगाणिस्तानचा निकाल. एका फ्रेंच न्यायाधीशांचं हॉटेलचं बुकिंग रद्द झालं, ऑनलाइन खरेदीची खाती बंद पडली. आरोपी मोकळा आणि न्यायाधीशाचं कार्ड चालत नाही, असं कोर्ट आमच्या तालुक्यातही नाही. आणि आमच्या तालुक्यात बरंच काही आहे.

आता समजा तुमचा देश लहान आहे, बॉम्ब नाही, मित्र नाही. मग तुमचं काही खरं नाही. काँगोचे थॉमस लुबांगा लहान मुलांच्या हाती बंदुका देत होते. २०१२ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली, आणि योग्यच झाली. पण त्या पहिल्या दहा वर्षांत जेवढे आरोपी, तेवढे सगळे आफ्रिकेतले. इथेच तुमच्यासाठी सोनं पुरलंय. हे कोर्ट फक्त काळ्या माणसांना धरतं, असं भाषण पाठ करा. २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात अकराशेहून जास्त माणसं मारली गेली. आरोपी केनयाटा आणि रूटो यांनी हेच भाषण करत २०१३ ची निवडणूक जिंकली. एक राष्ट्राध्यक्ष, एक उपराष्ट्राध्यक्ष. साक्षीदार फिरले, सरकारनं कागद दिले नाहीत, खटले बारगळले. हे भाषण चालतं ते खोटं नाही म्हणून. युगांडा, काँगो ही प्रकरणं त्या-त्या सरकारांनीच हेगला नेली होती, एवढं मात्र श्रोत्यांना सांगायचं नाही. मेलेल्यांची नावंही घ्यायची नाहीत. भाषण लांबतं.

एका गोष्टीत मात्र आमचा कागद कमी पडतो. फिलिपिन्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी सगळं रीतसर केलं होतं. २०१९ मध्ये देशाला कोर्टातून बाहेर काढलं, वर कोर्टाला शिव्याही घातल्या. पण सदस्य असतानाच्या काळाचा हिशेब उरला होता. पुढे मार्कोस राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्याबरोबर दुतेर्तेंची मुलगी उपराष्ट्राध्यक्ष झाली, युती झोकात चालली. मग युती फाटली. ११ मार्च २०२५ ला दुतेर्ते हाँगकाँगहून मनिलाला उतरले आणि त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी त्यांना हेगच्या विमानात बसवलं. तेव्हा जागावाटपाची भांडणं जरा जपून करा.

तर झालं. कागद तयार आहे, इथे आणि इथे सही करा. पेन्सिलीनं केलीत तरी चालेल. फी मात्र रोखीनं द्या. या लेखात मी हेगचं नाव बऱ्याचदा घेतलंय, माझं बँकेचं खातं किती दिवस चालेल ते सांगता येत नाही.