‘आम्ही’ की ‘आपण’?

मागच्या सत्रात टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटलेल्या अमेरिकन वक्त्याचं ५ जुलै १८५२ चं भाषण शिकवत होते. मुलांना ते इंग्रजी जड जातं, म्हणून एकेक परिच्छेद मराठीत सांगत होते. अमेरिकेच्या राज्यघटनेचा सरनामा वाचा, त्यात गुलामगिरी कुठे आहे ते दाखवा, असं डग्लस एके ठिकाणी म्हणतो. म्हणून त्या सरनाम्याचे पहिले शब्द, ‘वी द पीपल’, फळ्यावर लिहिले आणि आपल्या उद्देशिकेच्या सवयीने पुढे ‘आम्ही’ लिहून मोकळी झाले. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, आम्ही की आपण?”

इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इंग्रजी वाचताना तो पडतच नाही. मराठीत मात्र ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो.

मग आम्ही भाषण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रॉचेस्टरच्या सभागृहात उभा राहून डग्लस ‘तुमचं स्वातंत्र्य’, ‘तुमचे पूर्वज’ म्हणत राहतो. हा ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, तुमचा, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोकच करायचा आहे. आणि तरी तो याच लोकांना ‘सहनागरिकांनो’ म्हणून हाक मारतो, त्यांच्या राज्यघटनेला स्वातंत्र्याचा गौरवशाली दस्तऐवज म्हणतो. ‘तुमचं’ आणि ‘सहनागरिक’ हे दोन शब्द एकाच तोंडून येतात! अमेरिकन असणं म्हणजे काय, हे मला याहून नेमकं कुठेच वाचायला मिळालेलं नाही.

आपल्या अमेरिकन साहित्याच्या अभ्यासक्रमावर माझा राग आहे तो इथे. पहिल्या घटकात अमेरिकन निबंधकार इमर्सन. ऑगस्ट १८३७ मध्ये त्याने अमेरिकेतल्या केंब्रिजला भाषण केलं, परक्यांच्या विद्येवर जगण्याचे आपले दिवस संपत आले म्हणून सांगितलं. पुढे त्या भाषणाला अमेरिकेचा बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हटलं गेलं. त्याच ऑगस्टमध्ये डग्लस बाल्टिमोरच्या गोदीत जहाजांच्या फटी बुजवत होता आणि आठवड्याची मजुरी मालकाच्या हातावर मोजून देत होता. या दोन गोष्टी एकाच तासाला सांगायला हव्यात. आपल्याकडे डग्लस शेवटच्या घटकात, ‘कृष्णवर्णीय साहित्य’ अशा वेगळ्या चौकटीत. तिथवर पोहोचेपर्यंत सत्र संपलेलं असतं.

आणि सुरुवात इमर्सनपासून तरी का? फिलिस व्हीटली सात-आठ वर्षांची असताना आफ्रिकेतून आणून बॉस्टनमध्ये विकली गेली. १७७३ मध्ये तिच्या कविता छापल्या गेल्या, त्याही लंडनमध्ये. पुस्तकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठितांचा दाखला आहे : या कविता या मुलीनेच लिहिल्या आहेत. देश अजून जन्मला नव्हता, आणि एका कवयित्रीला स्वतःच्या ओळींसाठी साक्षीदार आणावे लागत होते.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

येत्या जूनपासून मी व्हीटलीच्या त्या दाखल्याने सुरुवात करणार आहे आणि डग्लसला इमर्सनच्या शेजारी बसवणार आहे. डग्लसच्या त्या भाषणाचा पूर्ण मराठी अनुवाद कुणी केला असेल, तर मला जरूर कळवा. ‘वी’साठी कोणता शब्द घेतलाय, ते आधी पाहायचं आहे.