निन्जा ११००एसएक्स: "इंजिन जुनंच, फक्त स्टिकर नवा" हे खरं नाहीये

मित्रांनो, कावासाकीच्या नवीन निन्जा ११००एसएक्स बाईकबद्दल एक मेसेज फिरतोय की इंजिन जुन्या १०००एसएक्सचंच आहे, वर पॉवर कमी केली आणि नुसता ११०० चा स्टिकर लावला. यातली पॉवरची गोष्ट बरोबर आहे, १४२ वरून १३६ पीएस झाली. पण इंजिन तेच हे चूक. कंपनीच्या स्पेक शीटमध्येच आहे, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७७ मिमी तसाच पण स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ५६ चा ५९ मिमी केलाय, आणि चार सिलिंडरचा हिशोब स्वतः करून बघा, १०४३ चे १०९९ सीसी होतात, हे स्टिकरने होत नाही ना.

टॉर्क (इंजिनची ओढण्याची ताकद) उलट वाढलाय, १११ वरून ११३ एनएम, तोही ८००० ऐवजी ७६०० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन कमी फिरवूनच मिळतो. पाचवा सहावा गिअर पण लांब केलेत, म्हणजे हायवेवर त्याच स्पीडला इंजिन कमी फिरणार. सामान लादून, मागे कोणी बसवून लांब जाणाऱ्याला हेच लागतं, माझ्या मते बदल योग्यच आहे. पॉवर कमी झाली म्हणून नाराज असाल तर ते समजू शकतो, जरूर बोला, पण तो स्टिकरवाला मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, आणि ग्रुपवर आधीच टाकला असेल तर खाली हे आकडे टाका.