डेर बुटर की डी बुटर?

काल म्युनिकच्या एका बेकरीत ब्रेत्सेल नावाच्या पावाला लावलेलं बटर खारं आहे का, एवढंच मला विचारायचं होतं. वाक्य रांगेत उभ्याउभ्या घोकलं, बटरला (जर्मनमध्ये 'बुटर') रीतसर स्त्रीलिंगी उपपद 'डी' लावलं आणि विचारलं. काउंटरवरच्या बाई तत्परतेने म्हणाल्या, "नो सॉल्ट, सर!"

मी जर्मनमध्येच विनवलं की जर्मन बोला ना, शिकतोय मी. "ऑफ कोर्स, नो प्रॉब्लेम!"

तेवढ्यात मागून गर्जना झाली, "डेर बुटर!" वळून बघतो तर हिरवी टोपी घातलेले आजोबा आणि त्यांच्या पायाशी एक डाखशुंड कुत्रा. त्यांचं म्हणणं, इथे बव्हेरियात बटर पुल्लिंगी, म्हणून 'डेर'. त्यांच्या आईचं बटर पुल्लिंगी होतं, आजीचंही होतं. बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. शब्दकोशात 'डी' आहे, शाळेत 'डी' शिकवतात! आजोबांनी विचारलं, कोश लिहिणाऱ्यांनी कधी गाईची धार काढली आहे का? रांग दारापर्यंत गेली. हेल्मेट न काढलेला एक सायकलवाला 'डी'च्या बाजूने भांडणात उतरला. मला मात्र पर्वणी! इतकं अस्सल जर्मन फुकटात कानावर पडत होतं. धीर करून मीही जर्मनमध्ये सांगितलं की आमच्या मराठीत लोणी नपुंसकलिंगी असतं.

सगळे गप्प. आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "यू स्पीक व्हेरी गुड इंग्लिश."

मग कुत्र्याकडे वळून म्हणाले, "झिट्स!" म्हणजे बस. त्याच्याशी बरं जर्मन बोलता येतं.

आमच्या क्लासमधल्या अमेरिकन गड्याची तर याहून दैना. इंग्रजी त्याची मायबोलीच, त्यामुळे त्याने तोंड उघडलं की समोरचा आपलं इंग्रजी पाजळून घेतो. शिवाय इथे एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतात, त्यात तो अजून धडपडतो. मला ते सोपं जातं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणलं तेव्हा आपल्याकडे काय गहजब झाला होता! पण एकवीस येऊन उपयोग काय, बिल सांगतात इंग्रजीत.

आणि सरकारी कचेरीत जा. तिथे प्रशासनाच्या कायद्याचं कलम 23 आडवं येतं: कामकाजाची भाषा जर्मन. साहेबांच्या मगवर 'बेस्ट डॅड एव्हर' लिहिलेलं, पण साहेब इंग्रजीचा एक शब्द उच्चारतील तर शपथ. मला कळेना, तर त्यांनी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. कायमचं राहायचंय? जर्मनच्या बी-वन पातळीचं प्रमाणपत्र आणा. 2024 मध्ये नागरिकत्वासाठीची आठ वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आली, बी-वन मात्र जिथल्या तिथे. रोजच्या व्यवहारापुरती भाषा यावी, एवढीच म्हणे अपेक्षा. अहो, मग करू द्या ना रोजचा व्यवहार! ऑफिसात इंग्रजी, दुकानात इंग्रजी, शेजारच्या बाई कचऱ्याच्या डब्यांवरून बोलणी सुनावतात तीही इंग्रजीत. माझ्याशी शेवटपर्यंत नेटाने जर्मन बोलते ती फक्त परीक्षेच्या तयारीची ध्वनिफीत, आणि तिला माझं काहीच ऐकून घ्यायचं नसतं.