उजव्या पायाची शिकवणी

मेहुण्याने गाडी घेतली. महिंद्राची इलेक्ट्रिक एसयूव्ही एक्सईव्ही ९ई, मोठ्या म्हणजे ७९ किलोवॅट-अवरच्या बॅटरीची. मागच्या रविवारी पुण्याहून पाचगणीला निघालो तर गडी किल्ली माझ्या हातात देऊन म्हणतो, "दाजी, घाटात तुम्हीच चालवा, तुमचं मत पाहिजे." मत मागितलंच आहे तर सविस्तर देतो. त्याला तोंडी अर्धंच दिलं होतं.

आधी माझी बाजू सांगतो. गेली चौदा वर्षं मी डिझेलवाला. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, ब्रेक तापवायचा नाही, ही वडिलांची शिकवण. इलेक्ट्रिक गाडी म्हणजे मोठा मोबाईल, असं आमच्या कट्ट्यावर मीच म्हणायचो.

वेगाचं दोन वाक्यांत उरकतो. ताकद २८६ पीएस (म्हणजे साधारण तेवढीच अश्वशक्ती), मोटर मागच्या चाकांना, शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत असं कंपनी सांगते. खंबाटकीच्या चढावर एकदा दाबून पाहिलं आणि मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवरची पर्स सरकून खाली गेली. हौस फिटली.

खरी गंमत वाईच्या पुढे, पसरणीच्या घाटात. वाई सोडताना बॅटरी ८१ टक्के होती, पाचगणीत पोचलो तेव्हा ७४. अंतर जेमतेम बारा किलोमीटर, मग सात टक्के गेले कुठे? मेहुणा कावराबावरा झाला. मी म्हटलं, अरे, गाडी आणि आपण पाच जण मिळून अडीच टनांच्या आसपास वजन, ते जवळजवळ सहाशे मीटर उचललंस ना तू? नुसत्या त्या उंचीलाच चारेक युनिट लागतात. डिझेल गाडीही हा हिशोब भरतेच, फक्त आपल्याला काटा हललेला दिसत नाही.

आणि उतरताना तीच मोटर उलटी जनित्र होते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी स्वतःला आवळून धरते आणि वीज परत बॅटरीत. यालाच 'रिजन' म्हणतात. स्टिअरिंगमागच्या पॅडलने हा जोर कमी-जास्त करता येतो. मी जास्तीत जास्तवर ठेवला आणि अख्खा घाट ब्रेकला जवळजवळ न शिवता उतरलो. वरून निघताना ७१ होते, वाईत ७२! एक टक्का वाढलेला पाहून मला जो आनंद झाला तो पगारवाढीलाही झाला नव्हता. दुसऱ्या गिअरवाल्या वडिलांना हे दाखवायला हवं होतं.

पण या आनंदाची किंमत मागच्या सीटने मोजली. तिसऱ्याच वळणावर सासूबाईंनी आवळा सुपारी तोंडात टाकली. पाचव्या वळणावर म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही सारखे ढकलताय का ओढताय?" बरोबर बोलल्या. डिझेलच्या सवयीने मी पाय पटकन उचलत होतो आणि प्रत्येक वेळी सगळ्यांच्या माना पुढे जात होत्या. गाडीचा दोष नव्हता, पायाचा होता. पाय उचलायचा नसतो, हळूहळू हलका करायचा असतो, नळ बंद करतो तसा. हे कळेपर्यंत निम्मा घाट संपला होता. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर आधी रिजन कमीवर ठेवा आणि रिकाम्या रस्त्यावर सराव करा. शोरूमच्या दहा मिनिटांच्या चक्करमध्ये हे समजत नाही.

रेंजचं विचारणारे बरेच असणार. कागदावर ६५६ किलोमीटर, पण ती चाचणीतली. पाच माणसं, एसी, हायवेला नव्वद-शंभर आणि एक घाट, एवढ्यात आमची दोनशेपाच किलोमीटर झाली आणि घरी आलो तेव्हा, वाटेत चार्जरवर भरलेले सोडून, पन्नासच्या जरा वर टक्के शिल्लक. म्हणजे पूर्ण बॅटरीत सव्वाचारशेच्या आसपास धरा. मला पुरे आहे. पुणे-कोल्हापूर विनाचिंता.

चार्जिंगची गरजच नव्हती, तरी हौस म्हणून येताना हायवेवरच्या एका चार्जरवर थांबलो. दोन गन (गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग), एक बंद. दुसरीसाठी अ‍ॅप, अ‍ॅपसाठी ओटीपी, ओटीपीसाठी रेंज (मोबाईलची!). वीस ते ऐंशी टक्के वीस मिनिटांत हा दावा १८० किलोवॅटच्या चार्जरचा; समोर उभा होता ६० किलोवॅटचा. त्यावर तेच काम पाऊण तासाच्या पुढे जातं, हे साधं गणित आहे. पाचच मिनिटांत वडापाव संपला, भाचा कंटाळला, गन काढून निघालो. गाडी घेण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटर मिळतो का हे बघा, ते जास्त महत्त्वाचं. मेहुण्याला मिळाला. आमच्या सोसायटीत तो विषय गेल्या सभेत 'पुढील बैठकीत घेऊ' वर गेला आहे.

किंमत? लाँच झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सुरुवात २१.९० लाखांपासून होती आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेली वरच्या मॉडेलची किंमत तीस लाखांच्या पुढे. जीएसटी इलेक्ट्रिकला ५ टक्के, मोठ्या डिझेल एसयूव्हीला ४०. बायकोने हे आकडे ऐकले आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिचं मत मला कळलं.

सोमवारी सकाळी माझ्या डिझेलमध्ये बसलो. गेटच्या स्पीडब्रेकरआधी सवयीने नुसता पाय हलका केला आणि वाट बघितली. गाडी थांबायचं नावच घेईना. धाडकन उडालो, डबा सीटखाली गेला, वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला.