रेशन अडवून लस नको

माझी धाकटी बहीण बीड जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. दिवाळी झाली की तिच्या यादीतली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायको कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि अंगावरचं लेकरूही सोबत जातं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नेमकं तेव्हा लेकरू कुठल्यातरी उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत असतं.

लसीच्या सक्तीचा विषय निघाला की मला ही लेकरं आठवतात.

नोव्हेंबर 2021 मध्ये आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, कोविड लसीचा एकही डोस न घेतलेल्यांना रेशन आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला होता. लसीकरण मागं पडलं होतं, नव्या लाटेची धास्ती होती. आदेशामागची काळजी मला कळते. पण रेशनचं धान्य हा 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. हातावर पोट असलेल्या माणसाची चूल अडवायची, तीही एका परिपत्रकावर? हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं कोविड लसीच्या सक्तीविरुद्धच्या जेकब पुलियल खटल्यात सांगितलं की लस घेण्याची बळजबरी कुणावर करता येणार नाही, स्वतःच्या शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये येतो. पण त्याच निकालात हेही आहे की समाजाच्या आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, फक्त ती धोक्याच्या प्रमाणात हवीत. हा निकाल फॉरवर्ड करणारे त्याचा हा दुसरा भाग सोयीनं गाळतात.

आपला साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या वेळचा. 2020 मध्ये कोविड आला तेव्हाही तोच काढला. सरकारला काय करता येईल ते त्यात आहे, कुठं थांबायचं ते नाही. ही मर्यादा कायद्यात लिहा. रेशन, दवाखाना, शाळेतला प्रवेश आणि रोजगार हमीचं काम लसीअभावी अडवायचं नाही. बंधन घातलं तर त्याला मुदत हवी. लसीनंतर खरंच कुणाला इजा झाली तर भरपाई हवी, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू नये.

पण अमेरिकेतल्या आयडाहो राज्यानं 2025 मध्ये केला तसा कायदा मला नको. शाळा, दुकानं, सरकारी कार्यालयं, कुणीच लसीची अट घालायची नाही, अशी जवळजवळ सरसकट बंदी तिथं आली. त्याच वर्षी टेक्सासमधल्या एका साथीत गोवराचे 762 रुग्ण सापडले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गेली. गोवर रोखायला शंभरातल्या पंचाण्णव जणांना तरी संरक्षण लागतं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला आपल्याकडं ही लस एरवी मिळत नाही, ते शेजारच्या लेकरांच्या भरवशावर असतं. माझ्या हक्कात त्या बाळाचा जीव मी धरणार नसेन, तर तो कसला हक्क? म्हणून साथ आली की आजूबाजूच्या लस न घेतलेल्या मुलांना काही दिवस शाळेतून घरी ठेवायचा अधिकार राहिलाच पाहिजे.

आता पुन्हा ऊसतोडीकडं येतो. शाळेच्या प्रवेशाला लसीचं कार्ड जोडायची सक्ती केली तर आधी शाळा सुटेल ती याच पोरांची. त्यांचे आईबाप लसीच्या विरोधात नाहीत हो. बहिणीला एक बाई म्हणाली होती, "ताई, सुई टोचली की लेकराला ताप येतो. मग फडावर त्याला कोण बघणार? खाडा पडला की मुकादम पैसे कापतो." त्या बाईला हक्काचं भाषण देऊन उपयोग नाही आणि दंडाची भीती घालूनही नाही. सिस्टरला फडावर पाठवा. आणि लेकराला ताप येईल त्या दिवसाची आईची मजुरी सरकारनं द्यावी, हे कलमसुद्धा त्याच कायद्यात घाला.