लेक आधी, बाप मागून

परवा रात्री वरणभात कालवून पहिला घास उचलला, तेवढ्यात आठवीतल्या लेकीनं विचारलं, "बाबा, कन्फ्यूज म्हणजे काय?"

म्हटलं, चला, आज पेपर सोपा आहे. मागच्या आठवड्यात तिनं प्रकाशसंश्लेषण विचारलं तेव्हा मला अचानक गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बघायला जावं लागलं होतं.

"गोंधळणे," मी ऐटीत सांगितलं.

"मग कन्फ्यूज्ड आणि कन्फ्यूजिंगमध्ये फरक काय?"

घास हातातच राहिला. या फरकाशी माझं जुनं वैर आहे. नोकरीचं पहिलं वर्ष, भरली मीटिंग. मोठ्या साहेबांनी विचारलं, नवा तक्ता समजला का? मी उभा राहून म्हणालो, "सर, आय ॲम कन्फ्यूजिंग." साहेब शांतपणे म्हणाले, "येस, वुई नो." सगळे हसले, म्हणून मीही हसलो. का हसलो ते सहा महिन्यांनी कळलं.

तेव्हापासून पाठ आहे. जे डोकं फिरवतं ते कन्फ्यूजिंग, ज्याचं फिरतं तो कन्फ्यूज्ड. "तुझा प्रश्न कन्फ्यूजिंग, बाप कन्फ्यूज्ड," मी म्हणालो. हे उदाहरण तिनं उत्साहानं वहीत उतरवलं. आता ते बाईही वाचणार.

"काय लावलं रे जेवताना?" आई कावली. "माह्यं डोस्कं कनफूज करून राहिले तुम्ही दोघं!" आईचं शिक्षण चौथीपर्यंत, पण वापर बघा कसा बिनचूक. आमच्या नागपुरात हा शब्द कोणी शिकत नाही, उन्हासारखा लागतो.

'गोंधळ' हा प्रतिशब्द मात्र मला कधी पटला नाही. संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी. आधी गण, मग देवदेवतांना आवतण, मग आख्यान. देवीच्या गोंधळात केवढी शिस्त! आमच्या सोसायटीच्या सभेत अध्यक्ष कोण हेच शेवटपर्यंत कळत नाही.

रविवारी लेकीला कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायला नेलं. पोहे येईपर्यंत तिनं मोबाइलवर शब्दाचं कूळ काढलं. मूळ लॅटिन, 'कन्फुंडेरे'. म्हणजे एकत्र ओतणे. तेवढ्यात पोहेवाल्यानं पिवळ्याधमक पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतली. तवंग प्लेटच्या काठापर्यंत आला, त्यावर कांदा, शेव, लिंबाची फोड. पोहे कुठं संपले नि तर्री कुठं सुरू झाली, पत्ता नाही.

"बाबा, हे बघा, कन्फ्यूज्ड पोहे!"

पोहेवाल्याच्या कपाळावर आठी. "काय झालं भाऊ, जमले नाही का पोहे?"

"जमले ना!"

"मंग कन्फ्यूज काऊन म्हणते पोरगी?"

मी त्याला लॅटिन समजावलं. मागे सात-आठ गिऱ्हाईकं खोळंबली होती, तरी त्यानं पळी हातात धरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे आपण सकाळी सहापासून कन्फ्यूजच करून राहिलो!" आणि पुढच्याला विचारलं, "तुमचे किती कन्फ्यूज करू?"

परतताना मेट्रोत लेक म्हणाली, "बाबा, अजून एक गंमत. इंग्रजीत कन्फ्यूज्ड आधी आला. कन्फ्यूज हे क्रियापद त्यावरून नंतर पाडलं."

मी उडालोच. आम्हाला शाळेत छडी मारून शिकवलं होतं, आधी क्रियापद, मग त्याला शेपूट. इथं शेपूट आधी उगवलं नि त्याला मागाहून कुत्रं चिकटवलं.

"म्हणजे लेक आधी, बाप मागून," लेक म्हणाली.

हे माझ्या डोक्यात इतकं घोळत होतं की सीताबर्डीला गाडी बदलली ती कोणती, हे बघितलंच नाही. जायचं होतं सुभाषनगरला, म्हणजे लोकमान्य नगरच्या दिशेला. लेक दोनदा "बाबा, अहो बाबा" म्हणाली, पण मी तिला इंग्रजांची वंशावळ समजावत होतो. गाडी हलली आणि घोषणा झाली, पुढचं स्टेशन कॉटन मार्केट. प्रजापती नगरची गाडी!

"आता?" मी विचारलं.

तिनं उत्तर दिलं नाही. दार उघडलं तशी माझी बाही धरून उतरली. लेक आधी, बाप मागून.