हिंदू म्हणजे चोर म्हणे!

सकाळी उठून मोबाईल बघते तर फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड, हिंदू हा फारसी शब्द आणि अर्थ काय तर चोर, गुलाम. त्यावर आमच्या एका काकांचं उत्तर, छे छे, 'हीनं दूषयति', म्हणजे हीनाला दोष देतो, तो हिंदू, वेदकाळापासूनचा शब्द. दोघांनाही कोपरापासून नमस्कार!

अहो नदी आहे ती, सिंधू! जुने इराणी आपल्या स चा ह करायचे, सप्तचं हप्त, सोमचं हओम, तसंच सिंधूचं हिंदू. स्कूटरचा हप्ता भरता ना, तोही त्याच सातातला. इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपास इराणच्या दारयवहू, म्हणजे डरायस राजाने कर देणाऱ्या मुलखांची यादी दगडावर कोरून ठेवलीय, त्यात 'हिंदुश' आहे. आता कर काय चोरांकडून घेत होता तो? पुढे कैक शतकांनी फारसी कवितेत काळा, गुलाम, लुटारू असे अर्थ आले, बरं, मान्य. म्हणून मूळ अर्थ तो होत नाही.

आमची आजी गोव्यातल्या फोंड्याकडची. जनगणनेवाल्या पोराने धर्म विचारला तर म्हणते, "आमी शांतादुर्गेचीं." तो पेन धरून बसलेला, परत विचारलं, परत तेच, वर "च्या घेता मरे?" शेवटी त्यानेच आपलं हिंदू लिहिलं आणि चहा पिऊन गेला.

आणि काका, वेदांत सिंधू आहे, हिंदू नाही. तुमचा तो श्लोक मेरुतंत्रातला, ज्या ग्रंथात इंग्रजांचा पण उल्लेख येतो, मग किती जुना ते तुम्हीच ठरवा!!

आजीच्या बापाच्या वेळी पोर्तुगीज आपल्या लोकांना 'जेंतियु' म्हणायचे, म्हणजे ख्रिस्ती नसलेले, मूर्तिपूजक. शेजारचे किरिस्तांव आम्हाला कोंकणे म्हणायचे, तेही प्रेमाने. आजी सगळ्याला ओ द्यायची, पण स्वतःहून सांगायचं झालं की शांतादुर्गाच.

म्हणजे नाव दुसऱ्यांनी ठेवलं हे खरंच आहे, पण म्हणून ते परकं कसं? विजयनगरच्या राजांनी चौदाव्या शतकातच 'हिंदुराय सुरत्राण' असं बिरुद मिरवलं, सुरत्राण म्हणजे सुलतान बरं का, आणि त्यांचं राज्य आपल्या गोव्यातही होतं. नाथांनी तर हिंदू आणि तुर्काला समोरासमोर भांडायला बसवून भारूड रचलं. तेव्हा कुणी डिक्शनरी उघडून लाजत बसलं नाही.

माझ्या पोराच्या दाखल्यावर हिंदूच आहे आणि मला आवडतो तो शब्द, नदीचा आहे म्हणून जास्तच. काका, कमेंटमध्ये संस्कृत टाकू नका, डिलीट करीन.